मुंढ्यात गेलेली ओळ

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. लोक इकडचं तिकडचं बोलून मग हळूच आपल्या चुकीकडे येतात, मला तसं जमत नाही. माझी वहिनी साठाव्या वर्षी पहिल्यांदा चार लोकांसमोर उभी राहून स्वतःची कविता वाचणार होती, आणि आदल्याच दिवशी मी तिची कविता कात्रीनं कापून ठेवली.

आमचं शिवणकामाचं दुकान आहे. खाली दुकान, वर दोन खोल्या. मी कापते, वहिनी शिवते. दादा होता तेव्हा मापं तो घ्यायचा आणि गिऱ्हाइकांशी गोडही तोच बोलायचा. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. मापं आता मी घेते. गोड बोलणं दुकानातून त्याच्याबरोबरच गेलं असं गिऱ्हाइकं म्हणतात. म्हणोत बापडी, कपडे शिवायला परत आमच्याकडेच येतात.

वहिनी फारशी बोलत नाही. तिच्या ओठांत दिवसभर चार-पाच टाचण्या धरलेल्या असतात, त्यामुळे ‘हं’ आणि ‘अंहं’ या दोन शब्दांवर तिचा दिवस निघतो. बाकीचं मी बोलते. गिऱ्हाईक कसं होतं, कापड कसं निघालं, पलीकडच्या घरात आज कशावरून वाजलं, सगळं. ती मशीन चालवत ऐकते. ऐकते असं मी धरून चालले होते.

ती लिहिते हे मला ठाऊक होतं. पण वहीत नाही. वही समोर आली की हात थिजतो म्हणते. आम्ही ज्या खाकी कागदावर मापं आखून फर्मे कापतो, त्या कागदाच्या कडेला पेन्सिलीनं दोन ओळी लिहायची, कुणी आलं की त्यावर इस्त्री ठेवायची. मी कधी वाचायला गेले नाही. खोटं कशाला बोलू, मला वाटायचं की काहीतरी पाना-फुलांचं असेल.

एकदा वाचनालयाच्या बाई कोटाचं अस्तर बदलायला आल्या. मी सुटे पैसे शोधत होते तेवढ्यात त्यांनी इस्त्रीखालचा कागद ओढून वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "हे कुणी लिहिलंय?"

वहिनीच्या तोंडात टाचण्या. तिनं मान खाली घातली.

"हिनं," मी म्हणाले. "दुसरं कोण लिहिणार? मी तर बिलसुद्धा चुकीचं लिहिते."

पुढच्या आठवड्यात वाचनालयाच्या दारावर कागद लागला आणि आमच्या दुकानाच्या काचेवरही. मोफत कवितावाचन, आपल्याच वस्तीतले कवी, रविवारी दुपारी चार वाजता, सर्वांनी यावं. खाली सात नावं होती आणि सातवं वहिनीचं. ती ते नाव येता-जाता अशी बघायची की जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे. एका सकाळी टाचण्या काढून मला म्हणाली, "वन्सं, एकदा वाचते. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. मीही लिहिणं सोडून देईन."

ती बोलते थोडं, पण बोलली की तसंच करते. म्हणून मला धास्तीच बसली.

आता एक गोष्ट मध्येच सांगावी लागेल, कारण पुढे तिची गरज पडणार आहे. दादा गेला त्याच्या पाचव्या आठवड्यातली. दुकान बंदच होतं. वहिनी वर खोलीत बसून असायची, जेवली तर जेवली. एका शाळेचे सहा गणवेश आधीच शिवायला घेऊन ठेवलेले होते आणि त्यांचा रोज निरोप येत होता. त्या दिवशी मी पहाटेच खाली येऊन सहाही गणवेश कापले आणि तिच्या मशीनवर रचून ठेवले. ती जिना उतरून आली. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मी पाठ फिरवून उभी राहिले आणि म्हणाले, "वहिनी, हे चारपर्यंत हवंय."

बस, एवढंच. कशी आहेस नाही, चहा घेतेस का नाही. पाच आठवड्यांपूर्वी नवरा गेलेल्या बाईला मी हे बोलले. तिनं ते शिवलेही. पण ते वाक्य माझ्या पोटात अकरा वर्षं जसंच्या तसं आहे. मी दिवसभर इतकं बोलते ना, त्यातलं अर्धं त्या वाक्यावर माती लोटायलाच असेल.

तर कवितावाचन. वहिनीकडे बाहेर घालायला एकच स्वेटर, कोपरांवर विरलेला. दुसऱ्यांचे कपडे शिवून शिवून स्वतःला काही शिवायचं राहूनच गेलेलं. माझ्याकडे माळ्यावर राखी रंगाचं गरम कापड पडून होतं, कोट होईल इतकं. ठरवलं की हिला कोट शिवायचा, गुपचूप. शनिवारी ती दिवसभर तिच्या भावाकडे जाणार होती. तिची मापं मला घ्यावी लागत नाहीत. उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच उतरता आहे, हे मी झोपेतही सांगेन.

ती गेली तशी मी दुकान आतून लावून घेतलं. बघते तर खाकी कागदाचा गुंडाळा संपलेला. तिच्या मशीनच्या झाकणाखाली एक मोठा कागद चौघडी घालून ठेवलेला दिसला. आमच्या दुकानात नियम आहे, आणि तो मीच केलाय, की खाकी कागद कुठेही पडलेला असो, तो कापायच्या टेबलाचा. मी घडी उलगडली, वरची कोरी बाजू होती, तिच्यावर इस्त्री फिरवली, माप आखलं आणि कापलं. पाठ, पुढचा भाग, बाही, कॉलर. कागद उलटून काही पाहिला नाही. कापणारी बाई कागद उलटत नाही. उलटला तर उजवी बाही डावी निघते.

शिवायची सवय सुटून मला वीस वर्षं झाली. दोन सुया मोडल्या, एकदा स्वतःचाच दुपट्टा शिवणीत घेतला. पण संध्याकाळपर्यंत कोट उभा राहिला. दर शनिवारी गादीवाला येऊन कतरणांचं पोतं घेऊन जातो, तो गेला. मग वहिनी आली, आणि मी इतकी शहाण्यासारखी गप्प बसले की तिनं मला ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

रविवारी सकाळी दहाला मी कोट तिच्या हातात दिला. तिनं घातला, आरशासमोर गेली, उजवा खांदा जरा उडवून पाहिला, बाहीवरून हात फिरवला, आणि आरशातूनच माझ्याकडे बघत राहिली. डोळे भरलेले. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मग ती म्हणाली, "एकदा वाचून घेते," आणि मशीनचं झाकण उचललं.

"वन्सं, इथला कागद?"

मी टेबलाकडे पाहिलं. तीही टेबलाकडे पाहायला लागली. फर्मे तिथंच रचलेले होते. मी वरचा उलटला. मागे वहिनीचं अक्षर होतं.

मी ओळी जुळवायला लागले. पाठीच्या फर्म्यावर सुरुवात होती:

*माझ्या ओठांत टाचण्या असतात*
*म्हणून लोकांना वाटतं, हिला बोलायचं नसेल.*
*ती मात्र बोलते.*
*तिच्या बोलण्यावर मी शिवण घालते,*
*सरळ जाते शिवण.*

ती म्हणजे मी. मी वहिनीकडे पाहिलं, तिनं भिंतीकडे पाहिलं. मी पुढच्या भागाचा फर्मा उचलला:

*हे गेले त्याच्या पाचव्या आठवड्यात*
*मी बॅग भरली.*
*चार कपडे, चष्मा, ह्यांचं घड्याळ.*
*पलंगाखाली ढकलली.*
*सकाळी तिला सांगणार होते.*
*जिना उतरले. ओठांत एकही टाचणी नव्हती.*
*ती पाठमोरी उभी होती. म्हणाली*

आणि तिथं मुंढा होता. मुंढा म्हणजे बाही जिथं बसते तो खांद्याखालचा गोल काप. त्या कापातला कागद नव्हता. ओळ गेली होती.

ओळ गेली तरी मला ती पाठ होती. अकरा वर्षं पाठ होती.

"तू बॅग भरली होतीस?" मी विचारलं.

"हं."

"भावाकडे जायला? कायमची?"

"हं." तोंडात टाचण्या नसतानाही हं.

"आणि मी जे बोलले ते यात लिहिलंस. पुढे काय आहे?"

बाहीचा फर्मा अजून टेबलावर होता. मी हात पुढे करायच्या आत तिनं तो उचलला, घडी केली आणि नव्या कोटाच्या खिशात घातला. मग खुर्चीवर बसून शांतपणे म्हणाली, "राहू दे आता. मधलं गेलं. नाही वाचत मी. वाचनालयात कळवून टाका."

इथं मी खरं काय ते सांगणार आहे. क्षणभर मला हायसं वाटलं. ती वाचणार नाही म्हणजे सगळ्या वस्तीला कळणार नाही की मी कशी बाई आहे. पुढे बाहीवर काय असणार, ते उघड होतं. नवरा गेला आणि नणंदेनं गणवेश पुढ्यात टाकले. मी तिच्या जागी असते तर मीही तेच लिहिलं असतं, आणि जरा जास्तच तिखट लिहिलं असतं.

पण ती खुर्चीत बसली होती ना, नवा कोट घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून. तशीच ती त्या पाच आठवड्यांत बसायची. माझ्याच्यानं ते बघवेना. मनात म्हटलं, माझं जे व्हायचं ते होऊ दे, हिनं वाचलं पाहिजे.

"कतरण मिळेल," मी म्हणाले आणि चपला अडकवून निघाले.

गादीवाला दोन गल्ल्या सोडून राहतो. आमच्या कतरणांनी तो उशा भरतो, आणि कविताही करतो. यादीत सहावं नाव त्याचंच. त्याच्या कविता लांब असतात, उशांपेक्षा जास्त भरलेल्या. मी गेले तेव्हा तो अंगणात भिंतीला कविता वाचून दाखवत होता.

"कालचं पोतं कुठंय?" मी विचारलं. "त्यात कागद होता, खाकी. चंद्रकोरीसारखा कापलेला."

"कागद मी वेगळा काढतो," तो म्हणाला. "उशीत वाजतो."

"मग कुठंय?"

"आज सकाळी पाणी तापवलं त्यावर. आंघोळीचं."

मी त्याच्या पायरीवर बसले आणि त्याला सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता माझ्याशेजारी येऊन बसला. बराच वेळ आपल्या ओल्या केसांना हात लावत राहिला.

"म्हणजे मी कवितेनं आंघोळ केली," तो म्हणाला.

"कवितेची एकच ओळ होती," मी म्हणाले. त्याला तेवढाच धीर.

मी रिकाम्या हातानं परत आले. साडेतीनला मी फर्मे गुंडाळून पिशवीत घातले आणि म्हणाले, "वाचू नकोस. ऐकायला तर चल. नवीन कोट घालून घरात बसणार आहेस का?" कोटाचं नाव काढल्यावर ती उठली.

वाचनालयाच्या खोलीत तीसेक खुर्च्या मांडल्या होत्या आणि माणसं त्याहून जास्त होती. लहान मुलांची पुस्तकं खिडकीत सरकवलेली. बाईंनी टेबलावर पाण्याचा तांब्या आणि स्वयंपाकघरातलं एक घड्याळ ठेवलं होतं, चार मिनिटं झाली की ते वाजायचं. पोस्टमननं पत्त्यावर न सापडलेल्या माणसांवर कविता वाचली, ती मला आवडली. दातांच्या डॉक्टरांनी प्रेमावर वाचली आणि घड्याळ वाजलं तरी थांबेनात. खुर्चीत आडवं पाडून तोंड उघडायला लावलेल्या लोकांशीच बोलायची सवय, त्यांना मध्ये कोण अडवणार. बाईंनी शेवटी टाळ्या सुरू केल्या. वहिनी शेवटच्या रांगेत माझ्या बाजूला होती. दोन्ही हात खिशात. उजव्या खिशात बाहीचा फर्मा आहे हे मला माहीत होतं आणि तो ती बोटांनी चाचपत होती.

सहावा गादीवाला. पुढे जाऊन उभा राहिला, कागदांचा गठ्ठा काढला, पाहिला, आणि परत पिशवीत ठेवला.

"मी आज नाही वाचत," तो म्हणाला. खोलीतल्या दोघा-तिघांनी सुटकेचा श्वास सोडला, मी पाहिलं. "मी आज सकाळी एका बाईंच्या कवितेची ओळ चुलीत घातली. मला माहीत नव्हतं. त्यांनी ओळ परत मागितली तर माझ्याकडे द्यायला नाही. वेळ आहे, चार मिनिटं. ती त्यांनी घ्यावी."

आणि जाऊन बसला. मी ऐकलेली त्याची ही सर्वांत चांगली कविता.

खोलीत लोक माना वळवून शोधायला लागले. वहिनीनं डोळे मिटले. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी पिशवीतून गुंडाळी काढून तिच्या हातात दिली.

ती पुढे गेली. पाठीचा फर्मा दोन्ही हातांनी उलगडून धरला. लोकांना समोरून काय दिसलं, तर खडूनं आखलेली माझी मापं, आणि त्यामागे वहिनी. कुणीतरी हसलं. ती थांबली, कागदावरून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "ही पाठ आहे. पुढचा भाग नंतर."

सगळे हसले आणि तीही हसली. मग वाचायला लागली. आवाज लहान होता, पण कापत नव्हता. टाचण्यांचं आलं, मी बोलते ते आलं, लोक माझ्याकडे वळून बघायला लागले. मग तिनं दुसरा फर्मा घेतला. पाचवा आठवडा. बॅग. घड्याळ. जिना.

"ती पाठमोरी उभी होती," वहिनीनं वाचलं. "म्हणाली"

आणि थांबली. कागदाच्या गोल कडेवरून बोट फिरवलं.

"इथं मुंढा आहे," ती म्हणाली. "इथली ओळ कापली गेली. पण ती ओळ माझी नव्हतीच. जिनं कापली तिचीच आहे. वन्सं, त्या दिवशी सकाळी तुम्ही काय म्हणालात?"

तीस-चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. सकाळपासून रात्रीपर्यंत बोलणारी मी स्वतःच्या चपलांकडे बघायला लागले. पण वहिनी कागद धरून उभी होती, आणि मी बोलले नाही तर तिची कविता तिथंच राहणार होती. मी उभी राहिले. खुर्चीची पाठ धरली.

"वहिनी," मी म्हणाले, "हे चारपर्यंत हवंय."

वहिनीनं मान हलवली, हं म्हणते तशी. मग खिशातून बाहीचा फर्मा काढला, घडी उलगडली आणि वाचला:

*पाच आठवडे सगळे मला*
*बस म्हणाले, पड म्हणाले, रडून घे म्हणाले.*
*चार वाजणार आहेत*
*हे मला तिनं एकटीनं सांगितलं.*
*मी टाचण्या तोंडात धरल्या.*
*बॅग अजून पलंगाखाली आहे.*
*आम्ही तिच्यात पांघरुणं ठेवतो.*

घड्याळ वाजलं की नाही, मला माहीत नाही. टाळ्या झाल्या असाव्यात, कारण शेजारच्या बाई मला हलवून विचारत होत्या की तुम्हाला पाणी देऊ का. ती बॅग. निळी, एका बाजूला चेन अडकते ती. दर थंडीत मीच ती ओढून काढते आणि दर वर्षी म्हणते की ही जुनी झाली, टाकून देऊ. दर वर्षी वहिनी म्हणते, अंहं.

मी रडले. सगळ्यांसमोर, नाक लाल होईपर्यंत. लाज वगैरे काही वाटली नाही.

नंतर वाचनालयाच्या बाईंनी वहिनीला पुढच्या वेळची तारीख सांगितली, आणि वहिनी "हं" म्हणाली. गादीवाल्यानं तिला वाकून काहीतरी म्हटलं. परत येताना उजेड होता अजून. आम्ही दोघी पायी निघालो आणि वहिनी बोलायला लागली. पोस्टमनची दुसरी ओळ, डॉक्टरांचं प्रेम, खिडकीतल्या मुलांच्या पुस्तकांवर बसलेली एक म्हातारी. बोलत सुटली नुसती. मी ऐकत चालले होते. मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

दुकानाशी आल्यावर तिनं किल्ली काढायला हात वर केला आणि तो अर्ध्यातच अडकला.

"वन्सं," ती म्हणाली, "बाह्या उलट्या बसवल्यात तुम्ही. उजवी डावीकडे आहे."

मी पाहिलं. होत्याच. सकाळपासून ती त्या कोटात हात धड वर करू शकत नव्हती, आणि त्याच हातांनी तिनं तिथं कागद धरला होता.

"मग सकाळीच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तुम्ही उसवायला बसला असतात," ती म्हणाली. "आणि चारला पोचलो नसतो."